बुलेटवर आठ दिवस: कपडे नेमके कुणाचे कमी करायचे?

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. लग्नाला चार वर्षं झालीत. डिसेंबरच्या शेवटी ती आणि नवरा बुलेटवरून आठ दिवस कोकण-गोवा करणार आहेत. ताम्हिणीतून दिवेआगर, हरिहरेश्वर, मग फेरीबोटीने खाड्या ओलांडत हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, पुढे मालवण, पणजी आणि आंबोलीमार्गे परत. मध्ये रत्नागिरीला आतेसासूबाईंकडे दोन रात्री मुक्काम, घरात पूजा, म्हणजे साडी हवीच. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लटकणाऱ्या दोन सॅडल बॅगांपैकी एक नवऱ्याने तिला दिली आहे आणि तिचं सामान तिच्यात मावत नाही. "माझं तीन टी-शर्टात भागतं, तुझं का भागत नाही?" हा त्याचा प्रश्न. मागच्या सहलीला याच कारणावरून निघायच्या आदल्या रात्री भांडण झालं होतं. ती विचारते, "मी खरंच जास्त कपडे नेते का? आणि कमी करायचे तर कुठून सुरुवात करू?"

प्रिय मैत्रिणी,

पत्रासोबत तुम्ही यादी जोडलीत ते फार बरं केलंत. आठ टॉप, तीन जीन्स, दोन पंजाबी ड्रेस, एक साडी, रात्रीचे दोन जोड, स्वेटर, शाल आणि पायातले तीन जोड. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं तर हो, मोटारसायकलसाठी हे जास्त आहे. कारणही यादीतच दिसतंय. दिवसाला एक जोड असा हिशेब तुम्ही धरला आहे. रेल्वेने किंवा कारने जाताना तो चालून जातो, कारण बॅग फक्त डब्यापर्यंत किंवा डिकीपर्यंत उचलायची असते. बुलेटवर तीच बॅग दिवसभर मागच्या चाकाच्या अंगावर बसते, वळणावर गाडीबरोबर कलते, आणि संध्याकाळी थकलेल्या हातांनी सोडवून जिन्यावरून वर न्यावी लागते.

पण मला थांबायचंय ते नवऱ्याच्या तीन टी-शर्टांपाशी. तुम्ही ओघात लिहून गेलात की त्याच्या बॅगेत पंक्चर किट, हवेचा पंप, चेनला लावायचं वंगण (चेन ल्यूब) आणि पाने आहेत, टाकीवरच्या बॅगेत कॅमेरा आहे आणि कपड्यांच्या वर ड्रोनचा डबा आहे. म्हणजे त्याचीही बॅग काही रिकामी नाही. तिच्यातल्या निम्म्या वस्तू 'गाडीचं सामान' म्हणून मोजणीतून सुटल्या, इतकंच. पंक्चर किट खरोखर दोघांचं आहे, त्याची जागा दोघांच्या वाट्यातून जायला हवी. ड्रोन त्याच्या हौसेचा आहे. समुद्रावर घालायची तुमची ती निळी कुर्तीही हौसेची आहे. दोन्ही हौशी मला मान्य आहेत, फक्त एक मोजायची आणि दुसरी सोडून द्यायची हे बरोबर नाही. तुम्ही दोघांनीही आतापर्यंत हेच गृहीत धरलंय की कपडे कमी करायचे ते तुमचेच. आधी तेवढं बाजूला ठेवा.

दुसरं गृहीत त्याहून खोल आहे. गाडी चालवणाऱ्याला जेवढे कपडे लागतात तेवढेच मागे बसणाऱ्याला लागतात, असं तुमच्या नवऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात दोघांचा प्रवास सारखा नसतो. चालवणाऱ्याचे हातपाय सतत काही ना काही करत असतात. मागचं माणूस तासन्‌तास एका जागी बसून असतं, त्यामुळे डिसेंबरात पहाटे ताम्हिणी उतरताना गारठा त्याला आधी भिडतो. बहुतेक गाड्यांची मागची सीट थोडी उंच, म्हणून पुढच्याच्या डोक्यावरून येणारा वारा थेट मानेवर बसतो. उलट दिवेआगरला पोचेपर्यंत दुपार झालेली असते, पारा तिशीच्या वर गेलेला असतो आणि जॅकेटच्या आत पाठ भिजलेली असते. एकाच दिवसात एवढा फरक. तेव्हा 'किती कपडे' हा प्रश्न जरा वेळ सोडा. कोणता कपडा कुठल्या कामाचा, इथून सुरुवात करा.

तुमच्यापुढे तसे तीन-चार मार्ग आहेत. पहिला, आहे तशीच वाटणी ठेवायची: एक बॅग तुझी, एक माझी. यात सोय एवढीच की एकमेकांच्या सामानात हात घालावा लागत नाही. पण मग दोन टॉवेल, दोन टूथपेस्ट, दोन सनस्क्रीन, दोन चार्जर असं सगळं दुहेरी होतं, आणि गाडीचा तोलही बिघडतो, कारण पाने आणि पंप एकीकडे, कपडे दुसरीकडे. दुसरा मार्ग सीटच्या मागे मोठी पेटी बसवून घेण्याचा. मागे टेकायला आधार मिळतो हे खरं, पण खर्च येतो, वजन उंचावर आणि मागच्या आसाच्याही मागे जातं, त्याने पुढचं चाक हलकं पडतं. शिवाय जागा वाढली की सामान वाढतंच. एका आठवड्याच्या सहलीसाठी मी हे सुचवणार नाही. तिसरा मार्ग काही सामान आधी पाठवून देण्याचा, त्याकडे साडीच्या निमित्ताने येते.

माझा कौल चौथ्या मार्गाला आहे. बॅगा माणसांप्रमाणे न वाटता कामाप्रमाणे वाटा. एक बॅग रस्त्याची: पावसाळी किंवा वारा अडवणारे कपडे, थर्मल, हातमोजे, हत्यारं, प्रथमोपचार, खाऊ. दुसरी बॅग मुक्कामाची: दोघांचे संध्याकाळचे आणि रात्रीचे कपडे, आतले कपडे, एकच सामाईक प्रसाधनाची पिशवी. दिवसभर दुसरी उघडायची नाही. मुक्कामाला पोचल्यावर पहिली उघडायची नाही. आतमध्ये प्रत्येकाची कापडी पिशवी वेगळी, दोन वेगळ्या रंगांची, म्हणजे स्वतःच्या वस्तूंवर स्वतःचा ताबा राहतो. सॅडल बॅगेच्या आत बसेल अशी एक मजबूत पिशवी अस्तरासारखी घाला. मुक्कामी सॅडल बॅग गाडीवरच राहू द्यायची आणि आतली पिशवी तेवढी उचलून न्यायची. धूळ, चिखल, तेलाचे डाग खोलीत येत नाहीत आणि लॉजच्या काउंटरवर सगळ्यांदेखत बॅग उपसावी लागत नाही. पावसाळ्यात जाणाऱ्या वाचकांनी ही आतली पिशवी जाड प्लास्टिकची घ्यावी, कारण सॅडल बॅगेवरचं रेनकव्हर चाकाकडून उडणारं पाणी पुरतं अडवत नाही.

आता तुमची यादी. गाडीवरचे कपडे दोन जोड पुरतात, तुम्हाला आणि त्यालाही: घाम शोषून लवकर वाळणारे पूर्ण बाह्यांचे दोन टी-शर्ट आणि रायडिंग पँट. जॅकेट आणि पँट अंगावरच असणार, बॅगेत नाही. तिन्ही जीन्स घरी राहू द्या. जीन्स जड, जागा खाणारी, आणि कोकणातल्या दमट हवेत धुतली तर दोन दिवस वाळत नाही. तिची जाड शिवण मागच्या सीटवर चार तासांनी जिथे टोचायला लागते ते तुम्हाला लोणावळ्यापर्यंतच्या अंतरात कळलं नसेल, गुहागरपर्यंत कळेल. रायडिंग पँटच्या आत सायकलवाले घालतात तशी किंवा साधी शिवण नसलेली टाइट्स घाला.

संध्याकाळसाठी दोन टॉप, एक कुर्ती, एक सैल पँट. ही पँट दोन्हींवर जाईल अशा रंगाची. रात्रीचा वेगळा जोड नको, उद्याचा स्वच्छ टी-शर्ट आणि तीच सैल पँट घालून झोपता येतं. आतले कपडे चार जोड, मोजे तीन. स्वेटर आणि शाल दोन्ही नको. त्यांच्याऐवजी अंगाला लागून राहणारं एक पातळ थर्मल आणि एक फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ पण हलकं जॅकेट. थर्मल, टी-शर्ट, फ्लीस, जॅकेट असे थर चढवले की ताम्हिणीचा गारठा आणि परतताना आंबोलीची सकाळ दोन्ही निभतात. ऊन चढलं की मधले दोन थर काढून मुठीएवढे करून ठेवता येतात. उंचावर जाणाऱ्या वाचकांसाठी एक अंदाज सांगते: दर हजार मीटर चढाईला तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. त्या मानाने थर वाढवा, टी-शर्ट वाढवू नका.

नवऱ्यालाही माझा निरोप द्या. तीन सुती टी-शर्ट आठ दिवसांच्या किनाऱ्याला पुरत नाहीत. सुती कापड घाम धरून ठेवतं, जॅकेटच्या आत ते दुपारी ओलं आणि घाटात थंडगार होतं. त्यानेही दोन सिंथेटिक घ्यावेत आणि संध्याकाळसाठी एक सुती.

घडी घालण्यापेक्षा वळकटी बरी, पण ती सैल करून उपयोग नाही. टी-शर्ट पलंगावर पालथा पसरा. खालची कड चार बोटं बाहेरच्या बाजूने उलटी दुमडा. दोन्ही बाजू बाह्यांसकट मधे आणा, सुरकुत्या तळहाताने सारून काढा. मधोमध एक आतला जोड आणि मोजे सपाट ठेवा, आणि गळ्याकडून खाली घट्ट गुंडाळत या. शेवटी ती उलटी दुमडलेली कड खिशासारखी वळकटीवरून ओढून घ्या. हातात एका दिवसाचा संच येतो, फेकला तरी सुटत नाही. सकाळी अंधारात एक वळकटी काढली की काम झालं. हवा काढायच्या प्लास्टिक पिशव्या फ्लीससाठी वापरा. बाकी कपडे त्यांत वाईट चुरगळतात.

दोन जोडांत आठ दिवस काढायचे म्हणजे रोज रात्री थोडं धुणं आलं. हे काम कुणाचं, हे निघण्याआधीच ठरवा. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण मला शंका आहे की 'कमी कपडे' याचा अर्थ न बोलता 'मुक्कामी बायकोने धुवायचे' असा होऊन बसेल. एक दिवस त्याने धुवावेत, एक दिवस तुम्ही. काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे. पोचल्यावर अंघोळीलाच जाताना अंगावरचा टी-शर्ट आणि आतले कपडे बादलीत घालायचे, साबणाच्या वडीचा तुकडा चोळायचा, पिळायचे. मग खरी युक्ती पंचाची. कोरडा पंचा पसरून त्यावर ओला टी-शर्ट ठेवायचा, दोन्ही मिळून गुंडाळायचे, एक टोक तुम्ही धरा, दुसरं त्याने धरायचं आणि उलट्या दिशांनी पीळ द्यायचा. टी-शर्टातलं पाणी पंचात उतरतं. मग तो पंख्याखाली दोरीवर टाकला की हरिहरेश्वरच्या खाऱ्या दमट हवेतही सकाळपर्यंत वाळतो. पंचा स्वतः पातळ असल्याने तोही वाळतो. म्हणून जाड टॉवेल नेऊ नका, दोघांत दोन पंचे बास. चार मीटर नायलॉनची दोरी आणि सहा चिमटे मुक्कामाच्या बॅगेत टाका. दोन रात्री रत्नागिरीला आहात तर तिथे वॉशिंग मशीन मिळेलच, मोठं धुणं तिथे करा. म्हणजे तुमच्या आठ दिवसांचे खरं तर दोन छोटे टप्पे होतात, तीन-तीन दिवसांचे.

आता साडी. ही वस्तू यादीतून काढा असं मी सांगणार नाही. सासरच्या घरी पूजेला नीट नेसून बसावंसं वाटणं साहजिक आहे, आणि तुमच्या पत्रावरून आतेसासूबाईंशी तुमचं चांगलं जमतं असंही दिसतं. दोन गोष्टी करता येतील. एक, साडी, ब्लाउज, परकर, दोन्ही पंजाबी ड्रेस, नवऱ्याचा कुर्ता आणि पूजेसाठी न्यायची भेट असं एक पार्सल आठवडाभर आधी पोस्टाने किंवा कुरिअरने रत्नागिरीला पाठवा. वर्षअखेरीस पार्सलांची गर्दी असते, त्यामुळे शेवटच्या दिवसांवर ढकलू नका. आतेसासूबाईंना फोन करून सांगा की सामान आधी येतंय. परत निघताना त्याच खोक्यात साडी, पंजाबी ड्रेस आणि न लागणारे कपडे भरून पुण्याला पाठवून द्या. मला हा मार्ग सर्वांत पटतो, कारण त्याने सॅडल बॅगेतला मोठा वाटा एकदम मोकळा होतो आणि पूजेला मनासारखी साडी नेसता येते.

पार्सल करायचं नसेल तर साडी जॉर्जेट किंवा क्रेप निवडा. ती चुरगळत नाही, मोठी सैल घडी घालून परकरात गुंडाळली की बॅगेच्या पाठीला सपाट बसते. सुती साडी कितीही आवडती असली तरी इस्त्रीशिवाय तिची रया जाते. आणि एक तिसरा पर्यायही आहेच, त्यांच्याच कपाटातली एक साडी मागून नेसण्याचा. ब्लाउज तेवढा तुमचा न्या, काळा किंवा सोनेरी, म्हणजे कशावरही जाईल. काही घरांत हे फार आवडतं, काही घरांत संकोच होतो. तुमच्याकडे काय चालतं ते तुम्हालाच माहीत.

कपड्यांचा विषय निघालाय तर सुरक्षिततेचं बोलायलाच हवं. पंजाबी ड्रेस गाडीवर घालायला म्हणून यादीत असतील तर नको. ओढणी, शालीचं टोक, सैल कुर्त्याचा घेर मागच्या चाकात किंवा चेनमध्ये अडकून होणारे अपघात भयंकर असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२३व्या नियमात मागे बसणाऱ्यासाठी धरायला पकड, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं निदान अर्धं चाक झाकणारं संरक्षण असावं असं म्हटलंय. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते याचसाठी. सॅडल बॅगेचा सांगाडा बसवताना काही गॅरेजवाले साडी गार्ड काढून टाकतात. तुमच्या गाडीवरून ते निघालंय का, आज बघून घ्या. गळ्याला वारा लागू नये म्हणून ओढणीऐवजी मानेवर चढवायचा नळीसारखा रुमाल घ्या, त्याला लोंबणारं टोक नसतं. हेल्मेट दोघांनाही कायद्याने सक्तीचं आहे आणि ते मापाचं हवं. मागच्याला जुनं सैल हेल्मेट द्यायची पद्धत आपल्याकडे फार आहे. तुमच्या बाबतीत तसं असेल तर कपड्यांवरचे पैसे वाचवून आधी ते बदला.

पायातले तीन जोड दोनवर आणा. घोटा झाकणारे बूट अंगावर, आणि बॅगेत एकच सपाट सँडल, जी वाळूतही चालेल आणि देवळाबाहेर काढायलाही सोपी पडेल. बुटांइतकी जागा खाणारं दुसरं काही नाही. तुम्ही लिहिलेले हिल्स पार्सलमध्ये गेले तर जाऊ देत, सॅडल बॅगेत मात्र नकोत. पाळीच्या तारखा जवळ असोत-नसोत, पॅड किंवा कप, दोन आतले कपडे, टिश्यू आणि एक काळी पिशवी अशी लहान पाऊच रस्त्याच्या बॅगेत अगदी वर ठेवा, मुक्कामाच्या नव्हे. किनाऱ्याच्या रस्त्यावर स्वच्छतागृहं लांब लांब आहेत, आणि सामान सोडून आत शोधत बसायची वेळ येऊ नये. याच कारणासाठी जंपसूट किंवा खूप नाड्यांचे कपडे प्रवासात टाळा.

भांडणाबद्दल. ते निघायच्या आदल्या रात्री होतं, कारण भरणं आदल्या रात्री होतं. या वेळी आठ-दहा दिवस आधीच्या शनिवारी दोघांचं सगळं सामान, ड्रोन आणि पान्यांसकट, एकाच पलंगावर मांडा. दोघांनी एकेक वस्तू अशी निवडायची की जिच्याबद्दल दुसऱ्याने काहीही विचारायचं नाही. तुमची निळी कुर्ती, त्याचा ड्रोन. बाकी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न: ही कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी लागणार? उत्तर 'असू दे, लागली तर' असं आलं तर ती कपाटात परत. हा प्रश्न तुम्ही त्याला विचारायचा आणि त्याने तुम्हाला. मला वाटतं, आपलंही सामान मोजलं जातंय हे दिसलं की तीन टी-शर्टांचा मुद्दा तो स्वतःच सोडून देईल. नाहीच सोडला, तर 'मला मागे बसून थंडी वाजते आणि तू ते गृहीत धरत नाहीस' हे त्याला स्पष्ट सांगा. तुमच्या पत्रात हे वाक्य कुठेही नाही, तरी तुमची तक्रार मला तीच वाटते.

मग रविवारी तसंच भरून गाडीवर चढवा. पाने आणि पंप डाव्या बॅगेच्या तळाशी, तेवढ्याच वजनाचं काहीतरी उजव्या बॅगेच्या तळाशी, कपडे वर. सायलेन्सरच्या बाजूची बॅग त्याला टेकत नाही ना बघा, नाहीतर सिंथेटिक कपडे बॅगेसकट वितळतात. आकड्यांचे रबरी दोर ताणले जाऊन सैल पडतात. बकलचे पट्टे वापरा आणि त्यांची मोकळी टोकं खोचून टाका, ती चेनकडे लोंबायला नकोत. मागच्या टायरची हवा दोन माणसं आणि सामान धरून कंपनीने माहितीपुस्तिकेत दिली आहे तेवढी करून घ्या. मग दोघं बसून वाईपर्यंत जाऊन या. तुमचे गुडघे बॅगेला घासतायत का, पाठीमागची पिशवी तुम्हाला पुढे ढकलतेय का, उतरताना पाय कशात अडकतोय का, हे त्या एका फेरीत कळेल. वाईत चहाला थांबलात की पट्टे हाताने ओढून बघा. सुटलेले असतील तर बांधणी बदलायला अजून आठवडा हातात आहे.